कापसाला भोवळ आली

५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अजब प्राण्यांच्या झुंजींचा एक व्हिडिओ गेम मराठीत आणायचं काम मला मिळालंय. हरलेल्या प्राण्यासाठी मी मोठ्या तोऱ्यात ‘धारातीर्थी पडला’ असं लिहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन दोन कप चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. खेळून बघायला बसवलेल्या पोरांपैकी तिघं रडली होती. साहेब म्हणाले, अहो बाई, झुंजीत कुणी मरत नाही. कितीही बदडलं तरी प्राणी नुसता बेशुद्ध होतो, दवाखान्यात नेला की घंटा वाजते आणि तो टुणकन उठतो.

‘मूर्च्छित’ लिहिलं तर पौराणिक नाटक वाटलं, ‘बेशुद्ध’ लिहिलं तर पंचनामा. शेवटी ‘भोवळ आली’वर गाडं थांबलं. तू जनावरांचा डॉक्टर, तेव्हा सांग, त्यांना खरंच भोवळ येते का रे? तुझ्या ठमीला गेमचा नमुना पाठवला होता, तो आवडला का? तिला आणि तिच्या सशाला, कापसाला पापा, वहिनीला नमस्कार.

माया आहे तेवढी राहू दे, जास्तीची मागत नाही.
तुझी,
धाकटी

१३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

येते. मेंदूला रक्त कमी पडतं, जनावर कोसळतं, पण श्वास चालू असतो आणि थोड्या वेळात ते उठतं. मेलेलं उठत नाही. वीस वर्षांच्या डॉक्टरकीचं सार एवढंच, आणि तेही मला वेळेवर आठवलं नाही.

ठमीच्या कापसाचे दात वाढले होते, खाता येईना. चार दिवसांपूर्वी गुंगी देऊन घासायला घेतले, आणि टेबलावरच त्याचं हृदय थांबलं. बराच वेळ छाती दाबत राहिलो. बाहेर बाकावर ठमी बसलेली. दार उघडलं आणि माझ्या तोंडून तुझाच शब्द निघाला, की कापसाला भोवळ आलीय. पोरीच्या जिवात जीव आला. तिने विचारलं, घंटा कधी वाजणार? मी म्हणालो, बघू.

आता ती रोज सकाळी माझ्याबरोबर त्याच्यासाठी गाजर देते. फेकवत नाही, म्हणून दवाखान्यात बसून मीच खातो. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. परक्यांना मी महिन्यातून दहा वेळा तोंडावर सांगतो की जनावर गेलं, आणि पोटच्या पोरीपुढे शेपूट घातली. धंदाच जनावरांचा! तू शब्दांतली, एखादा मऊ शब्द पाठव.

या भित्र्यावरचा जीव कमी करू नकोस.
तुझा,
दादा

१८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गाजरांपाशी हसले. मग हसू येईना.

मऊ शब्द शोधला, नाही सापडला. परवा माझीही फजिती झाली. गेममध्ये एका म्हातारीचा प्राणी खरोखरच मेलेला आहे, ती त्याच्या थडग्याशी बसते. मी सवयीने तिथेही ‘भोवळ आली’ लिहून मोकळी! साहेबांनी विचारलं, नुसती भोवळ आली असेल तर बाई, पुरला कशाला? सगळं ऑफिस खो खो हसलं, सगळ्यांत मोठ्यांदा मी. मग जागेवर येऊन ‘मेला’ लिहिलं. अक्षरं दोनच, पण लिहायला दुपार गेली.

दादा, तेच सांग. झोपलाय म्हणू नकोस, पोर झोपायला घाबरेल. आणि तुझ्या टेबलावर गेला, हेही सांग. ते दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती तुला कधी माफ करणार नाही.

रागावलास तरी चालेल, पण पत्र पाठव.
तुझी,
धाकटी

२८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सांगितलं. आधी रक्ताभिसरणावर व्याख्यान झोडलं. मग ठमीनेच विचारलं, बाबा, तो मेला का? मी हो म्हणालो. माझ्या हातून मेला, हेही सांगितलं. तिने पोटात एक गुद्दा मारला. गाजरांचं कळल्यावर दुसरा मारला, तो जास्त लागला. दवाखान्यामागे कुंपणाशी त्याला पुरलंय, तिथे नेलं. ती खूप रडली. मीही रडलो, पण माझ्याकडे बघायला तिला सवड नव्हती. आठ दिवस बोलली नाही.

काल एका मांजरीचं ऑपरेशन होतं. ठमी शाळेतून थेट आली आणि बाकावर बसून राहिली. मी बाहेर येऊन मांजरीच्या मालकिणीला म्हटलं, काळजी नको, नुसती गुंगीत आहे. बाई हसल्या. ठमी मात्र उठली, मला बाजूला सारून आत गेली, मांजरीच्या कुशीवर हात ठेवून श्वास मोजले आणि बाहेर येऊन बाईंना सांगितलं, खरंच जिवंत आहे.

माझ्या शब्दावर आता तिचा विश्वास नाही. आज पुन्हा आली होती. मी काही न सांगता दार उघडं ठेवलं.

आम्हा दोघांवर लोभ असू दे. सध्या तिच्यावर जरा जास्त.
तुझा,
दादा