कोंड्यासकट

न्दिरांदे, ब्लँटायर
३ जून

ती. एलुबेताईस,
धाकट्या तियांजानेचा शि. सा. न. वि. वि.

तू गावाहून पाठवलेलं मक्याचं पोतं मिनिबसवाल्याने नीट पोचवलं. पण माझं चित्त थाऱ्यावर नाही. मादालो दोन वर्षांची झाली तरी अंगच धरत नाही. दवाखान्यात दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लावली, ती पिवळ्यावर आली. महिन्याने परत मोजतील, आणि लालवर गेली तर वॉर्डात ठेवतील. ताई, मला फार भीती वाटते गं.

नर्सबाई म्हणाल्या, अंडी द्या, मासळी द्या. मी मान डोलावली. ह्यांच्या विटा वाहण्याच्या मजुरीत मक्याच्या पिठाची घोटलेली न्सिमा आणि भोपळ्याचा पाला एवढंच निघतं. अंडी शेजारच्या नासिवेकडे असतात, ती आम्ही लांबूनच बघतो. तिच्या कोंबड्या मात्र गुटगुटीत झाल्यात. दळणाआधी मका सडून काढलेला कोंडा मी तिलाच देते ना, शेजारधर्म म्हणून.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो असाच पोत्याने येऊ दे.
तुझी
तियांजाने

देद्झा
९ जून

चि. तियांजाने हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग कपाळावर हात मारला. अगं शहाणे, मका पिकवायचा मी, त्यातलं सत्त्व खायचं नासिवेच्या कोंबड्यांनी, आणि माझ्या भाचीने रोडावायचं? पांढरीशुभ्र न्सिमा ताटात शोभते, अंगी लागत नाही. पुढचं दळण कोंड्यासकट कर. शेंगदाण्याचं कूट पाठवतेय, ते पाल्यात घाल. तुरुंगात अशीच न्सिमा देतात म्हणून गल्लीतल्या बायका नाकं मुरडतील. मुरडू देत. त्यांची नाकं काय दवाखान्यात मोजायची आहेत?

पोर सुधारणार, हे मी सांगते. लोभ आहेच, तो पिठासारखा चाळत बसू नकोस.
तुझी
एलुबेताई

न्दिरांदे
१४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं केलं, आणि घरात आग लागली. तांबूस न्सिमा बघताच सासूबाईंनी ताट लोटून दिलं. माझ्या जिवात जीव आहे तोवर नातीच्या तोंडात कोंडा जाणार नाही, असं म्हणाल्या. मला वाटलं, गल्लीची लाज. मीही चार शब्द सुनावले.

मग ह्यांनी सांगितलं. ह्यांना एक बहीण होती, एनिफा. दुष्काळाच्या साली बाजारात धान्यच नव्हतं, महिनाभर नुसता कोंडा शिजवला. सासूबाई तो हाताने भरवायच्या. त्यातच ती गेली, तीन वर्षांची.

आता मी कोणत्या तोंडाने बोलू? मोजायचा दिवस जवळ येतोय आणि मादालो काल पायरीही चढली नाही.
तुझी
तियांजाने

देद्झा
१८ जून

चि. तियांजाने,

मी उगाच तोंड चालवलं. माझ्या वतीने सासूबाईंचे पाय धर. पण हातपाय गाळू नकोस, आणि त्यांना समजावत तर मुळीच बसू नकोस. गिरणीत घेऊन जा. दाणे त्यांनी स्वतःच्या हाताने ओतावेत आणि पीठही त्यांनीच धरावं. तेव्हा नुसतं फोलपट होतं, आज अख्खा दाणा आहे, हे त्यांच्या हातांना कळेल. जुन्या बाईचे हात आहेत ते.

कळव लगेच, माझंही जेवणात लक्ष नाही.
तुझी
एलुबेताई

न्दिरांदे
५ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सासूबाई गिरणीत आल्या. कोमट पीठ मुठीत धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या, मागच्या बायका कुरकुरायला लागल्या. घरी न्सिमा त्यांनीच घोटली. पहिला घास स्वतः खाल्ला, दुसरा मादालोला भरवला. तेव्हापासून भरवायचं काम त्यांचंच, मला ताटाला हात लावू देत नाहीत. नासिवे कोंडा मागायला आली, तर म्हणाल्या, कोंबड्यांना सांग, किडे वेचा.

आज मोजलं. पट्टी हिरव्यावर आली, ताई! मी आनंदाने नर्सबाईंचे हात धरले. वळून बघते तर सासूबाई पायरीवर बसून रडत होत्या. मी जवळ गेले, तर म्हणाल्या, त्या साली असा ओंजळभर अख्खा मका मिळाला असता, तर आज भांडायला तुला एक नणंद असती.

लोभ आहे, तो मला पुरून उरतो. थोडा त्यांच्या नावेही पाठव.
तुझी
तियांजाने