सिंदफणेला पाणी सोडणार आहेत

अंबाजोगाई, दि. १९ सप्टेंबर

ती. आईंस,
चैतालीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमची नात बरी आहे. आठव्या महिन्यातच यायची घाई केली, आता इथं दवाखान्यात काचेच्या पेटीत पडून राहावं लागतंय. पण वजन धरतेय. नाक तुमचं घेतलंय, म्हणजे पुढं भांडणार हे नक्की.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हे पत्र ह्यांच्याजवळ देतेय. माजलगाव धरणाचे दरवाजे कधीही उघडतील म्हणतात, आणि आपलं घर सिंदफणा नदीच्या काठालाच. ग्रामपंचायत भोंग्यावर सांगेल, पण तुम्हाला तो ऐकू जायचा नाही, या विचारानं घास उतरत नाही. शेजारच्या छबुकाकूंना सांगून ठेवा. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, गॅस बंद ठेवा, लाइटीचं मेन बटण पाडा, शेळी बांधून ठेवू नका. बाकी राहिलं तर राहू द्या. तुम्ही तेवढ्या वर विहारात जा.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
आपली सून,
चैताली

दि. २० सप्टेंबर

चि. सौ. चैतालीस,
केशरबाईचा आशीर्वाद आन् जयभीम.

संजयला लिहायला सांगितलं तर तो निम्मंच लिहितो, म्हून मीच लिहिते. चौथी शिकलेय, चुका काढू नको.

तू लई हुकूम सोडलेस. समदे पाळले. बुद्धाचा आन् बाबासाहेबांचा फोटो आधी विहारात नेला. ज्वारी माळ्यावर चढवली. गोधड्या आढ्याला बांधल्यात, घरात वटवाघळं लटकल्यावाणी दिसतंय. भोंगा वाजला की छबु मला हिसका देणार हाय. कसा देणार ते दाखवलं बी, दंड आजून दुखतोय. संजय म्हणतो संगं चल, पर शेळी कुणावर टाकू?

एक सांगते. तुझी शिलाई मशीन मी सोडून जाणार न्हाई. रागाव पाहिजे तितकी.

पोरीला माझ्याकडून पापा.
केशरबाई

अंबाजोगाई, दि. २३ सप्टेंबर

ती. आईंस,
सविनय जयभीम.

रस्ता बंद आहे, हे पत्र कुणाच्या हाती देऊ ठाऊक नाही, तरी लिहितेय. छबुकाकूंच्या पवनचा फोन आला होता, गावात पाणी शिरलं म्हणून. आई कुठंयत, असं ह्यांनी विचारलं आणि फोन बंद पडला. तेव्हापासून हे नुसते जिन्यात येरझाऱ्या घालतायत.

आई, मशीन जाऊ द्या हो. दुसरी येईल. मला आई नाही, हे लग्नानंतर तुम्ही कधी जाणवू दिलं नाहीत. आता जाणवू देऊ नका.

पोरीनं आज पहिल्यांदा वाटी-चमच्यानं दूध घेतलं. सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं होतं.

वाट पाहणारी,
चैताली

दि. २६ सप्टेंबर

चि. सौ. चैतालीस आशीर्वाद.

मी धडधाकट हाय.

भोंगा वाजला तवा मी मशिनीचे इस्क्रू काढीत बसलेते. छबुनं हिसका दिला. मी म्हणलं, जरा थांब, आर्धी सुटलीय. तवा ती माझ्या कानाशी ओरडली, की मशीन तुझ्या नातीला खेळवणार हाय का? मग सोडली. विहाराच्या पायरीवरून पाहिलं, पाणी खिडकीला लागलं आन् मागली भिंत बसली. माझी बाज तिथंच असती. शेळी माझ्याआधी पोचलती, ती शहाणी.

तुझी मशीन गाळात गेली, बाई. लई रडले. छबु बी रडली, तिचं तर चुलीचं भांडं राहिलं न्हाई.

रस्ता सुटला तशी पहिली यष्टी धरली. संजयनं तुझं पत्र दिलं, ते इथं दवाखान्याच्या पायरीवर बसून दोनदा वाचलं. भेटायची वेळ झाली न्हाई म्हून शिपाई वर सोडीना. तवा हे संजयच्या हाती वर धाडते.

डोळे पूस आन् खिडकीत ये. विहारात वाटलेलं निळं लुगडं नेसून मी खाली उभी हाय.

तुझी आई