त्यांच्या झोपेचे तास

३ नोव्हेंबर, सोमवार
आज एसटी डेपोत ड्रायव्हरांच्या बायकांची सभा. चहा, बिस्किटं, पंख्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या. नवीन मॅनेजर मॅडम अगदीच पोरगी आहे. म्हणाली, "गाडी तुमचे मिस्टर चालवतात, पण त्यांची झोप तुमच्या हातात आहे." प्रत्येकीला एक वही दिली. नवरा रोज किती तास झोपला ते लिहायचं, खाली बायकोची सही, दर सोमवारी दाखवायची. मागून एक जण म्हणाली, "आन् आमची झोप कोन लिवते मॅडम?" सगळ्या हसल्या. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी.

मला काही नवीन नाही यात. बावीस वर्षं हेच करते आहे. फक्त लिहीत नव्हते.

४ नोव्हें., मंगळ
पल्लवीचे बाबा सकाळी दहाला आले. (आता असं म्हणायचं नाही असं मीच ठरवलं होतं, पण दुसरं काही तोंडात बसत नाही. इथे नुसतं प.बा. लिहीन.) मुक्कामी गाडी आहे त्यांची. संध्याकाळी सहाला इथून सुटते, रात्री खेड्यात थांबते, पहाटे परत निघते. तिथे गाडीतल्या बाकड्यावर काय झोप होणार? मच्छर, वरून थंडी. खरी झोप घरीच, दिवसा.

वहीत: ११ ते ५. सहा तास. सही केली.

६ नोव्हें., गुरु
भाजीवाल्याला आज पुन्हा सांगितलं, आमच्या गल्लीत ओरडू नको. म्हणाला, "वहिनी, तुमच्यापाई माहा धंदा बसते." बसू दे. कुकर सकाळीच लावून ठेवते. दाराची कडी फडक्याने बांधली आहे. शिलाई मशीन तर कधीचंच शेजारी वंदनाकडे नेलं, वर्ष होऊन गेलं. तिच्या ओसरीत बसून ब्लाउज शिवते. पिपरी मेघेत आमच्याएवढं शांत घर नसेल. पूर्वी नव्हतं असं. पल्लू मोठ्याने वाचायची, मी मशीन चालवायची, कुकर शिट्ट्या मारायचा आणि हे मधल्या खोलीत घोरत पडायचे.

वहीत: साडेसहा तास.

९ नोव्हें., रवि
विहारात गेले. बुद्धवंदना झाल्यावर बायका पल्लूबद्दल बोलल्या, चांगलंच बोलल्या. मला ऐकवलं नाही, निघून आले.

चौदा महिने झाले. सिकलसेल, रक्ताचा आजार होता तिला, लहानपणापासून. दुखणं यायचं, गोळ्या, गरम पाण्याची पिशवी, दोन दिवसांत जायचं. त्या दिवशीही साडेबाराला सुरू झालं तेव्हा नेहमीचंच वाटलं. हे डबल ड्युटी करून आले होते, नुकता डोळा लागला होता. पल्लूच म्हणाली, "आई, बाबांले उठवू नको. रात्री गाडी आहे त्यांची." एक वाजता वंदना आणि मी तिला ऑटोत घातलं. ह्यांच्या फोनखाली चिठ्ठी ठेवली: दवाखान्यात जातो. झोप झाली की या.

ती चार वीसला गेली. हे पाचला उठले, गजराने.

एका शब्दाने बोलले नाहीत मला. आजवर नाही. त्या चिठ्ठीचं काय केलं ते मीही विचारलं नाही.

१० नोव्हें., सोम
डेपोत वही दाखवली. मॅडम खूश. बाकीच्यांना म्हणाली, "या ताईंसारखं घर ठेवा." मान वर करून घरी आले.

१२ नोव्हें., बुध
भर दुपारी इंगळे भाऊ वंदनाच्या ओसरीत आले. ह्यांच्याच गाडीवर कंडक्टर आहेत, आठ वर्षांची जोडी. उभेच राहिले. मी ब्लाउजच्या बाह्या लावत होते.

"वहिनी, भाऊ घरी झोपते ना?"

मी म्हटलं, सहा-सहा तास झोपतात, वही दाखवू का?

मग सांगितलं त्यांनी. आज सकाळी नाचणगाव सोडल्यावर गाडी डांबर सोडून खाली उतरली. समोरून कापसाचा ट्रॅक्टर. इंगळेंनी घंटीची दोरी ओढली, ओढतच राहिले, तेव्हा ह्यांनी स्टेअरिंग फिरवलं. समोरच्या सीटवर एक बाई लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. ती ओरडलीसुद्धा नाही म्हणाले, नुसती पाहत राहिली.

"पयली खेप नोय वहिनी. मी त्यायच्याशी बोलत राह्यतो, बोलून बोलून आनतो गाडी. आज तिकिटं फाडत होतो, लक्ष नाई राह्यलं."

बाह्या उलट्या लागल्या. उसवाव्या लागतील.

१३ नोव्हें., गुरु
वंदनाकडे गेलेच नाही. दाराशी उभी राहिले, तासभर. प.बा. घोरत होते. बावीस वर्षं ते घोरणं ऐकलंय मी. खऱ्या झोपेत ते मध्येच थांबतात, दचकतात, बारीक शिटी वाजते. आजचं घोरणं अगदी सरळ, धावदोऱ्यासारखं. मी दारातून बाजूला झाले की बंद. पाऊल वाजलं की सुरू.

माणूस झोपेचं सोंग करतो, आणि मी त्याच्या सोंगावर सही करते.

वहीत काही लिहिलं नाही.

१४ नोव्हें., शुक्र
विचारलं. जेवण वाढता वाढता विचारलं, नाहीतर धीर झाला नसता.

"कधीपासून जी?"

बराच वेळ पोळीच मोडत बसले. मग म्हणाले, "तू येवढं करते. मशीन बी नेलं बाहेर. म्हटलं, वाया नोको जावाले."

"मग झोप येत काऊन नाही?"

"येते. पन डोळा लागू लागला की वाटते, काई झालं तं तू उठवनार नाईस."

रागाने नाही म्हणाले. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तसं. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मी इतकी रडले नव्हते, तेव्हाही नाही. आणि ती भाजी खरंच अळणी होती.

१६ नोव्हें., रवि
वही घेऊन बसले. मागच्या सगळ्या आकड्यांवर रेघ मारली. खाली लिहिलं: हे सगळं चूक आहे. ते झोपत नाहीत. १२ तारखेला गाडी खाली गेली.

ह्यांनी पाहिलं. "हे देजो नोको. स्टेअरिंग गेलं तं मी काय करू? गाडीत बसलो का डोक्यात दुसरं काई राह्यत नाई. घरी बसलो तं..."

मी म्हटलं, त्या बाईच्या मांडीवर लेकरू होतं.

"मले मालूम आहे लेकरू होतं."

गॅस संपला मधेच, वंदनाकडून भाकरी आणली.

१७ नोव्हें., सोम
दिली वही. मॅडमने दोनदा वाचली. दार लावून घेतलं. मागच्या सोमवारी कौतुक केलं होतं, तर तिलाच कसनुसं झालं. पल्लूचं सगळं सांगितलं तिला, का सांगितलं माहीत नाही. म्हणाली, "आजपासून गाडी नाही देणार. २४ तारखेला चार वाजता डॉक्टर तपासतील, ते सांगतील ते. त्या दिवशी यायलाच हवं, नाहीतर प्रकरण वर जातं, मग माझ्या हातात राहत नाही." तोवर ह्यांनी चौकशीच्या खिडकीत बसायचं.

फाटकाबाहेर ह्यांचीच गाडी उभी होती. मी खाली पाहत गेले.

१९ नोव्हें., बुध
बोलणं बंद आहे. डबा जसाच्या तसा परत आला. रात्री आता घरीच असतात, दोघंही छताकडे पाहत पडतो. माझं चुकलं का? तेव्हा उठवलं नाही ते चुकलं, आणि आता वही दिली ते बरोबर, असं कसं असेल? दोन्ही वेळा मी गाडीतल्या लोकांचाच विचार केला.

२१ नोव्हें., शुक्र
इंगळे भाऊ येऊन गेले. म्हणाले, भाऊ खिडकीत बसून लोकांना फलाट सांगतात, पण आपली मुक्कामी गाडी लागली की उठून मागे जातात. सुटली की येतात.

२३ नोव्हें., रवि
विहारातून आले तर मशीन मधल्या खोलीत, जुन्या जागी. ह्यांनी एकट्याने उचलून आणलं, वंदनाच्या नवऱ्यालाही हाक मारली नाही. पट्टा घसरला होता तोही बसवून ठेवला. मी कडीचं फडकं तेवढं सोडून टाकलं.

२४ नोव्हें., सोम
ह्यांची आज रजा. जेवून हे खोलीत पडले. मी मशीनवर बसले, वंदनाच्या पोरीचा फ्रॉक. पाऊणच्या सुमारास घोरणं सुरू झालं. मध्ये थांबलं. दचकले. मग ती बारीक शिटी.

मी पाय थांबवले तर कूस बदलली. पुन्हा चालवलं, पुन्हा घोरणं. फ्रॉक दोन वाजताच संपला. तेव्हापासून रिकामं चालवते आहे, सुईत दोरा नाही.

कात्री उचलली तर खाली चिठ्ठी. प.बा.चं अक्षर: साडेतीनला उठवजो. काईबी असो, उठवजो.

कागद जुना वाटला, घडीवर झिजलेला. उलटा केला. मागे माझंच अक्षर. दवाखान्यात जातो. झोप झाली की या.

चौदा महिने खिशात होती.

चारला डॉक्टर आहे. नाही गेले तर प्रकरण वर जाईल. गेले तर डॉक्टर तरी काय बघणार, चौदा महिन्यांनी लागलेली झोप मोडून आणलेला माणूस. आणि चिठ्ठीत डॉक्टरचं नाव नाही. चिठ्ठी मला आहे.

तोंड माझ्याकडे आहे त्यांचं. उघडं पडलंय, पल्लूचं पडायचं तसं.

तीन पंचवीस. मशीनच्या फळीवर ही डायरी ठेवून लिहिते आहे. तीन हाका मारल्या मनात. पाय चालूच आहेत.