न घासलेले पत्रे

५ जानेवारी
आलो बुवा एकदाचा! बॅटरीच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायचं काम आणि राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. मागे विहीर. बायको हरखून गेलीय. आमची चिमी, वय वर्षं पाच, विहिरीचं पाणी गोड म्हणून पोट फुटेस्तोवर पितेय. काम सोपं आहे. हौदात पत्रे टांगलेले, वीज सोडली की पाण्यातलं शिसं त्यातल्या चार पत्र्यांवर चढतं. दर चार तासांनी ते काढून घासायचे. थर जाड झाला की शिसं सुटून पाण्याबरोबर नाल्यात जातं, आणि नाला आमच्याच विहिरीशेजारून वाहतो. आधीच्या ऑपरेटरने, सतत पाणी तपासत बसायचा म्हणून सगळे त्याला लिटमस म्हणतात, हे दोनदा बजावलं. मी म्हटलं, काका, बिनघोर जा.

२७ जानेवारी
आज पत्रे घासले नाहीत. टीव्हीवर मॅच होती, खोटं कशाला बोलू? वहीत मात्र ‘घासले’ लिहिलं. तपासणीची बाटली ऑफिसातल्या पिण्याच्या फिल्टरखाली भरली. साहेबांनी पाठ थोपटली, इतकं स्वच्छ पाणी आजवर पाहिलं नाही म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हसलो.

१८ मार्च
आता घासतच नाही. दर आठवड्याला फिल्टरची बाटली, दर आठवड्याला शाबासकी. बायको शेजारणींना माझं कौतुक सांगते तेव्हा मी आत जाऊन बसतो.

२ एप्रिल
दुपारी पत्रे वर काढले. एकावर शिसं हाताच्या पंजासारखं चढलेलं. लहान पंजा, रेषांसकट. भास असेल म्हणून घासला. तासाभराने परत तिथेच.

४ एप्रिल
चारही पत्र्यांवर पंजे. वीज बंद केली तरी वाढतायत. नखं आलीत.

७ एप्रिल
चिमीचं पोट दुखतंय. हिरड्यांवर निळसर रेघ. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता? बायको तोऱ्यात म्हणाली, विहिरीचं, आणि यांचं तर कामच पाणी शुद्ध करायचं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. रक्त तपासायला घेतलंय.

९ एप्रिल
झोपलेल्या चिमीचा हात कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. कागद पत्र्यावर धरला. तंतोतंत. करंगळी वाकडी, तीसुद्धा—

घासायला गेलो तर पंजाने माझं बोट धरलं. गार. रस्ता ओलांडताना ती धरते तसं. सोडेना. ब्रश टेकवला तेव्हा जो आवाज— नाही, तो लिहिणार नाही.

१० एप्रिल
आज सांगायचंच. सगळं. लाज गेली खड्ड्यात.

बायकोनेच विचारलं. अहो, विहिरीचं पाणी बंद करू का? तुम्हालाच त्यातलं कळतं. चिमी ग्लास धरून उभी होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या, इतक्या विश्वासाने की—

मी म्हणालो, पाणी स्वच्छ आहे. मी स्वतः तपासलंय.

चिमीने ग्लास तोंडाला लावला आणि मी तिला पिऊ दिलं.