डाव्या खांद्यामागची खुंटी

५ मार्च, राखेचा बुधवार

या हातांनी केलेलं, आठवेल तसं : सात होड्या, त्यातल्या पाच अजून पाण्यात. चर्चचा मोठा दरवाजा. कन्फेसाची, म्हणजे पापकबुलीची पेटी, जाळीसकट. बायकोचं, रोझीचं कपाट. आईची शवपेटी, फणसाची, सांध्यात एक खिळा नाही. आणि शिवणीच्या लाकडाचा ख्रिस्त, पाच फूट दोन इंच, दोन्ही हात खांद्यातून हलणारे. शिकवलं कोणी नाही. मोडक्या होड्या उलगडून बघितल्या, बघितलं ते केलं.

आज राख लावायला फादरांना वाकावं लागलं. मी खुर्चीत. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कोणाचा तरी ठेवल्यासारखा.

हे डाव्या हाताने. अक्षर बघवत नाही.

९ मार्च, रवि.

रोझीने दाढी केली. हनुवटीखाली चार केस राहिले. सांगितलं. म्हणाली, "रवांदेत. बायलेन दाढी केली ह्यां लोकांका कळाक होया."

जानेवारीत अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून हिची जीभ सैल आणि माझी जड. बरोब्बर वाटणी.

कुडाळचा डॉक्टर म्हणतो, बॉल दाबत राहा. दाबतो. म्हणजे दाबतोय असं मनात म्हणतो. बॉल तसाच गोल.

१२ मार्च, बुध.

फादर घरी आले. तरुण आहेत, वसईचे, चहा बशीत ओतून पितात. इकडचं तिकडचं झालं आणि मग, "बस्त्यावकाका, गुड फ्रायडेला प्रभूला खाली कोण उतरवणार?"

दर वर्षी मी. तीन वाजता प्रार्थना सुरू होते, शेवटी मी शिडी चढतो, खिळे काढतो, पांढऱ्या कापडात एकेक हात खाली आणतो. मग पालखीत, मग किनाऱ्यावरच्या खुरसापर्यंत, त्या उघड्यावरच्या क्रुसापर्यंत मिरवणूक. अठरा वर्षांत दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. ख्रिस्त राहतो माझ्याच पडवीत, पेटीत, कडुलिंबाच्या पाल्यावर. आठवडाभर चर्चला जातो, परत येतो. दिलेला नाही. वापरायला देतो.

म्हटलं, बघू, एप्रिलपर्यंत हात येईल.

फादर हाताकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग म्हणाले, "इनास उतरवेल का?"

इनास. माझा धाकटा भाऊ. देवबागेत वॉटरस्पोर्टवाल्यांसाठी फायबरच्या बोटी ओततो. साच्यात ओतायचं, वाळलं की काढायचं. बादल्यासुद्धा तशाच होतात, हे मी त्याला अनेकदा सांगितलेलं आहे.

१९ मार्च, बुध. संत जोसेफ

सुताराचा सण. दर वर्षी या दिवशी सगळी हत्यारं काढून धार लावतो. आज रोझीने काढली, खोबरेल पुसलं, परत ठेवली. पटाश्या चुकीच्या क्रमाने. अर्ध्या इंचाची पाऊण इंचाच्या जागी. सांगणार होतो. तिने आधीच माझ्याकडे बघितलं.

मिस्साला फादरांचं प्रवचन नम्रतेवर. मला वाटत होतं हा विषय मला जमलेला आहे. आजवर एकाही कामावर नाव कोरलेलं नाही. नंतर दरवाज्याशी त्यांना तसं म्हटलं, शब्द थोडे लडबडले. ते म्हणाले, "काका, तुम्हाला देताना खूप पाहिलं. घेताना कधी पाहिलं नाही."

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. यात चूक काय आहे, कळत नाही.

२३ मार्च, रवि.

हात तसाच. दुपारी रोझी मासे आणायला गेली तेव्हा ख्रिस्ताची पेटी उघडायचा प्रयत्न केला. झाकण डाव्या हाताने उचललं, टेकवायला उजवा लागतो. पकडून उभा राहिलो, ती येईपर्यंत. आली, झाकण घेतलं. बांगडे आणले होते.

३० मार्च, रवि.

इनासला होकार दिला. म्हणजे रोझीने दिला, मी नाही म्हटलं नाही.

तो आला, अंगाला रेझीनचा वास. पेटीपाशी गुडघ्यावर बसला, क्रूस केला. म्हणाला, "दादा, माका भिया वाटता. तू सांग, तसा करतंय."

सांगितलं. आधी उजवा खिळा, मग डावा. कापड काखेतून घ्यायचं, मनगटातून नाही. डोकं आपल्या खांद्यावर टेकवायचं, लोंबकळू द्यायचं नाही. सगळं सांगितलं.

खुंटीचं सांगितलं नाही.

डाव्या खांद्यामागे चिंचेची खुंटी आहे, करंगळीएवढी, अंगाच्याच रंगाची, म्हणून दिसत नाही. ती आत असली की हात ताठ राहतो, तासभर प्रार्थनेत झुकत नाही. ती ओढली की हात सुटतो. मी कापड घालताना अंगठ्याने ओढतो, बाहीत टाकतो, कोणाला दिसत नाही. लोकांना वाटतं हात आपोआप खाली आला. म्हाताऱ्या हुंदका देतात तो त्याच क्षणी.

उद्या सांगेन असं म्हटलं. मनात.

६ एप्रिल, रवि.

मिस्सानंतर तालीम. ख्रिस्त क्रूसावर, इनास शिडीवर, खाली दोघे कापड धरून, मी पहिल्या बाकाशी खुर्चीत. उजवा हात छान आला. डावा येईना. इनासने वळून माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं.

त्याने जरा जोर केला.

आवाज मला माहीत होता. वाळलेलं शिवणीचं लाकूड मोडलं की असाच येतो, कोरडा, एकदाच.

खांदा मानेपासून चिरला. हात कापडात लोंबला. इनास शिडीवर तसाच, दोन्ही हातांनी तो हात धरून. "दादा, काय केलंय मी? दादा?"

शब्द आला नाही. जीभ जड आहे, सगळ्यांना माहीत आहे, सगळ्यांनी तेच धरलं. फादरसुद्धा म्हणाले, काकांना बोलता येत नाही, त्यांना त्रास देऊ नका.

शब्द आला नाही की मी आणला नाही?

तीन वेळा लिहून खोडलं.

७ एप्रिल, सोम.

जेवलो नाही. रोझीने भरवायला घेतलं, मान फिरवली. म्हणाली, "इनास काल सांजेक चर्चच्या पायरेर बसान रडा होतो. फायबरवालो म्हणान तुमी हसतास ना, तो."

तिला सांगितलं. खुंटीचं. सगळं. वेळ लागला, शब्द तुटत होते. तिने मध्ये एकही शब्द पुरवला नाही. एरवी पुरवते.

मग ताट उचलून आत गेली. आतून म्हणाली, "माका सांगान काय उपेग? मी थोडीच शिडयेर होतंय."

८ एप्रिल, मंगळ.

फादरांकडे कन्फेस. मीच केलेल्या पेटीत गुडघे टेकता येत नाहीत, म्हणून बाकावर, शेजारी शेजारी. जाळी मध्ये नाही. जाळी का लागते ते आज कळलं.

म्हणाले, इनासला सांगा. एवढंच प्रायश्चित्त. मी म्हटलं, दुसरं काही द्या, मोठं द्या, सगळ्या पंधरा भेदांची तेर्स, अख्खी जपमाळ म्हणतो. हसले. "ते तुम्हाला जमेल म्हणूनच देत नाही."

१० एप्रिल, गुरु.

इनासला बोलावलं. सांगितलं. त्याने चिरलेल्या खांद्यातून खुंटी काढून हातात घेतली, उलटसुलट बघितली. मला वाटलं फेकून मारेल, मारायला हवी होती. म्हणाला, "बारीक काम आसा. माका सुचला नसता." मग, "पण सांगूक होया होतंस, दादा."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

आता खांद्याचं. लाकडात लाकूड बसवायचं तर जुना सांधा उकरून नवा तुकडा घालायला हवा, पाच-सहा दिवसांचं काम, तेही माझ्या उजव्या हाताचं. गावात दुसरा कोणी नाही. मी शिकवलं नाही कोणाला. इनास म्हणाला, फायबर मॅट आणि रेझीनने तो दोन दिवसांत धरेल.

प्रभूच्या अंगाला बादलीचं ठिगळ.

म्हटलं, नको. तो म्हणाला, "बरा. मगे तूच सांग काय करूया." रोझी दारात उभी होती. म्हणाली, "करूं दे तेका."

११ एप्रिल, शुक्र.

दिवसभर पडवीत त्याच्याजवळ बसलो. खडूने डाव्या हाताने रेघा मारून दाखवल्या. रेघ थरथरते, तरी त्याला कळली. रेझीनचा वास डोक्यात गेला.

एक गोष्ट. माझ्या बाकाखाली शिवणीचे जुने तुकडे होते. त्याने ते करवतीने कापून भुसा केला, गाळला, रेझीनमध्ये कालवला. रंग जुळावा म्हणून. मी सांगितलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं. सुचायला हवं होतं.

घासलेलं बोटाने बघितलं. जोड लागत नाही. जरा एका ठिकाणी लागते. ते सांगितलं नाही. (लिहिलं मात्र.)

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

फादर बारा जणांची नावं वाचत होते, गुरुवारी ज्यांचे पाय ते धुणार त्यांची. दर वर्षी मला विचारतात, मी नाही म्हणतो. माझे पाय मी धुतो. प्रभू पाय धुवायला वाकला तेव्हा तो कोळी शिष्यही आधी असंच म्हणाला होता, एवढं मला ठाऊक आहे, कोणी सांगायला नको.

बारावं नाव माझं. विचारलं नाही या वेळी.

रोझीने संध्याकाळी नखं कापली. उजव्या पायाची वाढून वाकडी झालेली. म्हणाली, "फादर भिजवतीत, आदीच साफ करूक होये." म्हणजे धुवायच्या आधी धुवायचे. दोघेही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

१७ एप्रिल, गुरुवार

बाकावर बारावा. अकरा जणांचे पाय झाले. फादर घंगाळ घेऊन पुढ्यात बसले. उजवा पाय मला उचलता येत नाही. सगळं चर्च बघतंय. मी खाली मान घालून बसलो. मागून इनास आला, वाकला, पोटरीखाली हात घालून पाय उचलला आणि घंगाळावर धरून राहिला. भावाच्या हातात पाय, फादरांच्या हातात तांब्या.

फादरांनी पाणी ओतलं. मला कळलं नाही. बघितलं म्हणून कळलं. पायाला काहीच लागलं नाही.

डोळ्यात पाणी आलं ते भक्तीने आलं असं लोकांना वाटलं असेल. मला वाटलं, एवढं घ्यायला बसलो आणि घेता आलं की नाही तेही समजू नये?

इनासचा हात मात्र लागला. गुडघ्याच्या वर जिथे अजून कळतं, तिथे त्याचा दुसरा हात टेकला होता.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

ऊन फार. इनास शिडीवर. उजवा खिळा, डावा खिळा. कापड काखेतून. मग त्याने मागे हात घातला आणि खुंटी सगळ्यांसमोर काढली, लपवली नाही, सावकाश, आणि दातात धरली. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. मला कधी सुचलं नाही, मी लपवण्यात गुंतलेलो.

हात खाली आला. जरा अडखळत आला, माझ्या वेळी यायचा तसा नाही. म्हाताऱ्या तितक्याच रडल्या. त्याच क्षणी रडल्या.

कोणाला फरक कळला नाही. अठरा वर्षं.

पालखी उचलली तेव्हा इनास माझ्या खुर्चीपाशी आला. दातातली खुंटी काढून शर्टाला पुसली, माझ्या डाव्या हातात ठेवली, मूठ बंद केली. गेला. मिरवणुकीत मी गेलो नाही, वाळूत खुर्ची ढकलता येत नाही. गाणं लांब जाईपर्यंत ऐकलं.

२० एप्रिल, ईस्टर

फादर म्हणाले, ख्रिस्ताची पेटी आता चर्चमध्येच राहू द्या काका, इनास काळजी घेईल, आणखी दोन पोरांना शिकवेल. तुम्ही खुर्चीतून सांगा.

म्हटलं, बघू.

इनास पेटी परत आणून पडवीत ठेवून गेला. न विचारता. पाला ताजा घातला होता.

२४ एप्रिल, गुरु.

सकाळी एक जण आला, देवबागेत नवं रिसॉर्ट काढतोय, गुड फ्रायडेला फोटो काढताना मी त्याला बघितला होता. पेटी उघडायला लावली. ख्रिस्ताकडे बराच वेळ बघितलं. माणूस वाईट नाही, चपला बाहेर काढल्या होत्या. म्हणाला, हॉलमध्ये काचेत उभा करतो, खाली पितळी पाटी, तुमचं नाव, फोटो, 'कोणाकडे न शिकता घडवलेला'. पाहुण्यांना तुम्हीच सांगायचं कसा केला. खांद्याची जोड त्याला दिसली नाही. मी दाखवली. भावाने केली म्हटलं. तो म्हणाला, ते सांगायची गरज नाही.

नको म्हटलं.

का म्हटलं, दिवसभर तपासतोय. प्रभूला काचेत ठेवायचा नाही म्हणून, की पेटी माझ्या पडवीतून हलू नये म्हणून, की इनासचं नाव पाटीवर येणार नव्हतं म्हणून? तिन्ही खरी वाटतात, आणि त्यातलं मधलं जास्त.

रोझी भात वाढताना म्हणाली, "विकूचो नाय, बरा केलात. चर्चाकय दिवचो नाय. मगे काय, मरताना वांगडा घेवन जातलात?"

खुंटी शर्टाच्या खिशात आहे. रविवारी मिस्साला जाताना हाच शर्ट घालायचा की दुसरा, ते रोझी ठरवते हल्ली.

तो माणूस जाताना कागदावर आकडा लिहून ठेवून गेला, फिरवलात विचार तर असावा म्हणून. रोझीने चुलीत घातला. तीन लाख दहा हजार.