अस्मिताच्या फुग्यासाठी अँटेना

१४ नोव्हेंबर
लेकीचं पार्सल आलं. अस्मिताचं. सहा वर्षांनी. (तिच्या लग्नाला मी गेलो नाही, तेव्हापासून ती घरी आलेली नाही. तब्येत बरी नव्हती माझी. थोडीशी.) तिच्या कॉलेजचा फुगा तेवीसला आंबोलीहून सुटणार, आभाळात खूप उंच जाणार, वरून सिग्नल पाठवणार. तो पकडायला किनाऱ्यावर तीन ठिकाणी पेट्या दिल्यात. शेवटचा सिग्नल ज्या पेटीत सापडेल, तिथे फुगा न्यायला ती स्वतः येणार. म्हणजे इथेच.

१६ नोव्हेंबर
अँटेना दोन. एक नुसती काडी, चारही बाजूंचं ऐकते, पण जवळचं. दुसरी माशाच्या सांगाड्यासारखी. लांबचं ऐकते, पण फुगा जाईल तशी फिरवावी लागते. चिठ्ठीत लिहिलंय, गुडघा दुखतो ना, काडीच लावा. गुडघा लक्षात आहे तिच्या. पण काडीने चुकलं तर? सांगाडाच लावावा. रोज दहा वेळा जिना चढायचा सराव.

१७ नोव्हेंबर
सराव उद्यापासून.

१८ नोव्हेंबर
देवीला कौल लावला, मूर्तीच्या डाव्या-उजव्या अंगाला कळ्या चिकटवून. सांगाडा लावू? डावी कळी पडली, म्हणजे नाही. प्रश्न नीट मांडला नव्हता. परत डावी. तिसऱ्यांदा उजवी. गुरव सत्यवान म्हणाला, "देवीन दोनदा नाय म्हटल्यान, तां तुमका आयकाक येवक नाय?" त्याला अँटेनातलं काय कळतं.

२१ नोव्हेंबर
सांगाडा गच्चीवर बांधला. तोंड आंबोलीकडे. सुंभाच्या सोळा गाठी. बायको म्हणाली, "फिरवची आसा ना ती? मगे बांधलात कित्याक?" फुगा आंबोलीहूनच सुटणार, दुसरीकडे कशाला बघायचं? नर्मदेला एवढं समजत नाही.

२२ नोव्हेंबर
अस्मिताचा फोन. काडी लावलीत ना? हो म्हटलं. उगाच तिला काळजी नको.

२३ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
पेटीचा हिरवा दिवा लागला. सांगाडा तो सांगाडा.

१०.५५
दिवा गेला. फुगा कुणकेश्वरकडे वळला म्हणे. गाठी सुटत नाहीत.

१२.३०
गाठी कापल्या. सांगाडा फिरवला. दिवा नाही. गुडघ्यावर बसून राहिलो.

संध्याकाळी
शेवटचा सिग्नल कुणकेश्वरच्या एका मास्तरांच्या काडीने घेतला. फुगा समुद्रात पडला, होडीवाल्यांनी आणून दिला. अस्मिता तिथे येऊन परत गेली. इथून दीड तासाची वाट.

तिनेच फोन केला. "बाबानू, काम झाला. आता थंय तुमच्याकडे येवची गरज नाय रवली." मी बरं म्हटलं. आणखी काही बोलायचं होतं, तोवर तिने ठेवला.

गरज नाही म्हणाली. येणार नाही, असं म्हणाली नाही.