स्त्रीबीजाचं स्पेसिफिकेशन

३ जून
डॉ. सक्सेना बाईंनी रेवतीचे रिपोर्ट वाचले. वय बत्तीस, पण अंडाशय वेळेआधीच दमलंय म्हणे. स्वतःच्या बीजातून मूल व्हायची शक्यता फारच थोडी. दुसऱ्या स्त्रीनं दान केलेलं बीज घेतलं तर बरीच. शिवाय हाडांसाठी हार्मोनच्या गोळ्या आजपासून. मी शांतपणे म्हणालो, विचार करून कळवतो. कारखान्यात सोळा वर्षं क्वालिटी बघतोय, एका रिपोर्टवर मी नटबोल्टसुद्धा रिजेक्ट करत नाही. रेवती स्कूटरवर मागे बसून रडत होती. मी ट्रॅफिककडे लक्ष दिलं. कुणीतरी खंबीर राहायला हवं.

४ जून, सकाळी ६
प्लॅन तयार. भोपळ्याच्या बिया, प्राणायाम, टेन्शन बंद. गोळ्या तूर्त नकोत, साइड इफेक्ट असतात (वाचलंय). ग्वाल्हेरला आईला फोन करून सांगितलं की रेवतीला थायरॉइड आहे. खोटं नाही. सोपं करून सांगितलं.

१९ जून
रेवती गोळ्या घेतेच आहे. मला न विचारता. बिया मीच संपवल्या.

७ जुलै
माझी तपासणी करून घ्या म्हणून क्लिनिकचा तिसरा फोन. फॉल्ट कुठे आहे ते कळल्यावर बाकीचं मशीन कशाला उघडायचं? हे रेवतीला परवाच समजावून सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. पटलं असावं.

११ ऑगस्ट
दुसऱ्या लॅबचाही रिपोर्ट तोच. रेवती म्हणाली, दोन महिने फुकट गेले. मी म्हणालो, याला व्हेरिफिकेशन म्हणतात. ठीक आहे, दान केलेलं बीज घेऊ, पण आपल्या अटींवर. टेंडरला करतो तसं स्पेसिफिकेशन काढलं: उंची पाच फूट सहा, रंग गोरा, चष्मा नको, गणितात नव्वद, घरात मधुमेह नको, शक्यतो मराठी. लॅमिनेट करून घेतलं.

१४ ऑगस्ट
डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, "सर, आप बहू ढूँढ रहे हैं क्या?" देणारीचं नाव-गाव कळणार नाही, कायदाच तसा आहे. ती निरोगी आहे ना, ते बघतात. रक्तगट जुळवतात. बस. विचार करून कळवतो म्हणालो. रेवतीनं कागद माझ्या हातातून घेऊन पर्समध्ये टाकला. तिला आवडला बहुतेक.

१५ ऑगस्ट
कागद फ्रिजवर लावलाय. रेवती शाळेत गणित शिकवते. तिनं प्रत्येक अटीपुढे लाल मार्करनं मला तपासलंय. उंची: कमी. चष्मा: मायनस पाच. मधुमेह: वडील आणि दोन्ही काका. गणित: बारावीत चोपन्न (आईनं सांगितलेलं दिसतंय). रंग: नुसतं उद्गारचिन्ह. सहापैकी एक. मराठी.
मुळात मी बिडर नाहीच, त्यामुळे ही तपासणी नियमबाह्य आहे.
वाईट वाटलं. खूप.

२९ ऑगस्ट
मोठ्या मनानं मंजुरी दिली. अटी मागे. माझी तपासणीही उरकली. सगळीकडे सह्या केल्या. क्लिनिकच्या समुपदेशक पूजा मॅडमनी मला पाच मिनिटं दिली, रेवतीला पाऊण तास. बाहेर आल्यावर कळलं, तिनं सही केलेली नाही.
स्कूटरवरून घरी जाताना अवधपुरीच्या अलीकडे सिग्नलला विचारलं. म्हणाली, विचार करून कळवते. मी म्हटलं, आता बीजाबद्दल काय विचार करायचा राहिलाय?
म्हणाली, बीजाबद्दल नाही. तुझ्याबद्दल.
हेल्मेट होतं ते बरं झालं. सिग्नल कधी सुटला कळलंच नाही, मागचे हॉर्न वाजवत होते.